देवळाच्या दाराला दोन कुलपे: आपल्या मंडळीच्या दोन्ही पंचकमिट्यांना खुले पत्र

प्रति,
दोन्ही पंचकमिट्यांचे सभासद, आदरणीय पाळकसाहेब आणि वरच्या कार्यालयातील आपले वरिष्ठ यांस,

जय ख्रिस्त.

तुम्ही सगळे मला ओळखता. ३१ वर्षे मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. हे पत्र ज्यांना लिहिते आहे त्यांच्यापैकी तिघांची नाळ मी माझ्या हाताने कापली आणि दोघांच्या आईवडिलांचे डोळे मिटवले. त्या हक्काने लिहिते आहे.

याआधी दोन्ही सेक्रेटरींच्या हातात एकेक पत्र बंद पाकिटात दिले होते. दोन्हीकडून उत्तराच्या जागी एकच प्रश्न आला, "सिस्टर, तुम्ही कोणाकडून आहात ते आधी सांगा." कोणाकडूनच नाही म्हटल्यावर पत्र बाजूला पडले. आता हे सगळे गाव वाचेल. ज्यांचा आपल्या देवळाशी काही संबंध नाही तेही वाचतील. त्यांनी वाचावे असे मला वाटते, कारण माझ्या मायच्या मातीला तेच धावून आले होते.

माय आषाढात गेली. वय ८८. ह्या देवळाच्या पायाचे दगड तिच्या बापाने स्वतःच्या बैलबंडीतून नदीवरून आणलेले. तिची एक सवय शेवटपर्यंत होती. वावरात निंदताना देवळाची घंटा सावकाश वाजू लागली की खुरपे खाली ठेवायचे, पदर डोक्यावर घ्यायचा आणि उभे राहायचे. कोण गेले ते नंतर विचारायचे. मरणाची घंटा कशी वाजवतात ते जुना चौकीदार आम्हा पोरांना शिकवायचा. दोन ठोक्यांच्या मध्ये प्रभूची प्रार्थना एकदा मनात म्हणून होईल एवढे थांबायचे, त्याआधी दोराला हात लावायचा नाही.

मायसाठी ती घंटा वाजली नाही. दाराला तुमची दोन कुलपे. एकाची किल्ली एका कमिटीकडे, दुसऱ्याची दुसऱ्या कमिटीकडे, आणि दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही. सकाळी अकरापासून फोन केले. एकीकडून उत्तर आले की ते आधी आले तर आम्ही येतो. दुसरीकडूनही तेच. तोवर मायची पेटी देवळाच्या ओट्यावर होती आणि वर चार जण ताडपत्री धरून उभे होते. पावसाचे पाणी ताडपत्रीच्या मधोमध साचून ती खाली यायची, पेटीला टेकायची, मग कोणीतरी काठीने वर ढकलून ते पाणी सांडायचा. असे दोन वाजेपर्यंत. पाळकसाहेब प्लास्टिकच्या पिशवीत बायबल घेऊन कुंपणाशी उभे होते. आत यावे तर एक बाजू रागावेल, परत जावे तर दुसरी. शेवटी आम्ही मायला तशीच कब्रस्तानात नेली. कबर खोदली ती भीमनगरातल्या आणि पाटीलपुऱ्यातल्या पोरांनी, गुडघाभर चिखलात. त्यांच्यातला एक जण कुदळ थांबवून मला म्हणाला, "नर्सबाई, आज घंटा नाही वाजली काहो?"

त्या पोराला मी उत्तर देऊ शकले नाही. तुम्ही द्या.

भांडण कशाचे हे गावाला माहीत आहे. रस्ता रुंद झाला, कंपाउंडच्या पुढच्या जागेला भाव आला, ती दुकानांसाठी भाड्याने द्यायची की नाही ह्यावरून सुरुवात झाली. मग निवडणूक, मग दोन कमिट्या, मग दोन चेंज रिपोर्ट, म्हणजे कारभारी बदलल्याचे धर्मादाय कार्यालयात दिलेले अर्ज. त्यात तरुणांना कीबोर्ड आणि टाळ्या हव्यात, वडीलधाऱ्यांना जुनी भजने हवीत, हेही मिसळले. माझे मत विचाराल तर गाण्याचे भांडण खरे नाही. पेटी-तबल्यावर म्हटलेले भजन आणि कीबोर्डवर म्हटलेले गीत एकाच उपासनेत मावते, लग्नात मावतेच की. जागेचे भांडण खरे आहे, आणि ते उघड मांडायची लाज वाटते म्हणून गाण्याचे नाव पुढे केले जाते.

भांडण झाले ह्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या मंडळीतही झाले होते. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा ६ वा अध्याय काढा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी सात माणसे निवडायला लावली. स्तेफन, फिलिप आणि बाकीचे पाच, सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप दिले. आपल्याकडे ज्याने हिशेब विचारला त्याचे नाव सभासदांच्या यादीतून काढले.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका मेजावर घ्यायच्या भाकरीची आणि प्याल्याची. १४ महिने झाले, आपण मेजाभोवती बसलो नाही. वाद मिटेपर्यंत प्रभुभोजन थांबवावे, असे पत्र वरिष्ठांकडून आले. ते थांबवले हे चुकले असे मी म्हणणार नाही. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने बजावलेच होते की तुमच्या जमण्याने बरे होत नाही, वाईट होते, कारण एक जण उपाशी राहतो आणि एक जण पिऊन मस्त होतो. पण वरिष्ठ साहेब, मी जखमा बांधल्या आहेत. पट्टी बांधली की ती सोडून पाहावी लागते, धुवावी लागते, बदलावी लागते. बांधून तशीच ठेवली तर आतून सडते. तुमच्याकडून १४ महिन्यांत एकही माणूस पट्टी सोडून पाहायला आला नाही. तुमच्या कार्यालयाची गाडी आमच्या फाट्यावरून तीन वेळा पुढे गेली, हे एसटी स्टँडवर चहाची टपरी असलेला माणूससुद्धा सांगतो. मायचे शेवटचे कितीतरी महिने प्रभुभोजनाविना गेले. ती दर शनिवारी संध्याकाळी पांढरे लुगडे काढून उशाशी ठेवायची आणि रविवारी पुन्हा घडी करून पेटाऱ्यात ठेवायची. एक भाकर आहे म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत, हे पौलाचे म्हणणे आहे. दोन मेजे मांडायची की एकही मांडायचे नाही, एवढेच दोन पर्याय तुम्ही आमच्यापुढे ठेवले.

दुसरी वचनाच्या वापराची, आणि ही मला सगळ्यात जास्त सलते. दोन्हीकडच्या रविवारच्या सभेत मी आळीपाळीने जाऊन बसले आहे, अंगणातल्या आणि जुन्या मिशनशाळेच्या वऱ्हांड्यातल्या. दोन्हीकडे माणसे थोडी उरली आहेत आणि दोन्हीकडे सुरुवात एकाच वचनाने होते. जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे. मत्तय १८, वचन २०. मग "आमेन" म्हणतात, आणि देव आपल्याकडे आहे, पलीकडे नाही, असे धरून पुढची भजने होतात.

कृपा करून तोच अध्याय १५ व्या वचनापासून वाचा. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा आणि त्याला एकांतात सांग. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घे, म्हणजे दोघातिघांच्या साक्षीने बोलणे पक्के होईल. तरी ऐकले नाही तर मंडळीला सांग. आणि मग, ह्याच ओघात, दोघे-तिघे येतात. म्हणजे ते दोघे-तिघे वेगळे होऊन बसलेले नाहीत. ते रुसलेल्या भावाच्या दारात गेलेले आहेत. लगेच पुढे पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि त्याला साताच्या सत्तरपट असे उत्तर मिळते. सगळा अध्याय भांडणाचा आणि समेटाचा आहे. त्यातून एक वचन उचलून आपण ते फुटलेल्या सभेच्या भिंतीवर रंगवले आहे. मला एवढेच सांगा, ह्या १४ महिन्यांत तुमच्यापैकी कोण कोणाच्या घरी एकटा गेला? एक नाव सांगा. वकिलाकडे जाताना मात्र तुम्ही तालुक्याच्या एकाच एसटीत पुढेमागे बसता.

तिसरी कुलपांची. किल्ली माझ्याकडे म्हणजे देऊळ माझे, आणि देऊळ माझे म्हणजे देव माझ्याकडे, असा हिशेब दोन्हीकडे चालला आहे. जुन्या करारातल्या एली याजकाच्या पोरांनीही असाच हिशेब केला होता. हफनी आणि फिनहास कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, उचलून रणात घेऊन गेले. कोश आपल्याबरोबर आहे म्हणजे देव आपल्याबरोबर आहे, असे सगळ्या छावणीला वाटले, आणि जमीन दणाणेल एवढा जयघोष झाला. लढाई हरले, दोघे भाऊ मेले, कोशही गेला. फिनहासाची बायको बाळंत होत होती. तिने पोराचे नाव ईखाबोद ठेवले, म्हणजे वैभव निघून गेले. इतक्या बाळंतपणांना मी उभी राहिले, पण कोणत्याही आईने असे नाव ठेवलेले पाहिले नाही. तुमच्या दोन कुलपांच्या आत आज काय आहे ते खिडकीच्या फटीतून मी पाहिले आहे. व्यासपीठावर कबुतरांची घाण, गळक्या टिनाखाली भिजून फुगलेले दोन बाक, आणि भिंतीवर मागच्या वर्षाचे कॅलेंडर.

चौथी कोर्टकज्जाची. भावाने भावाला कोर्टात खेचू नये, हे सांगणारा पहिल्या करिंथकरांचा ६ वा अध्याय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून वाढवत नाही. फक्त एवढे विचारते की दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी कोणत्या दानातून गेली? बँकेने खाते थांबवले आहे, सह्या कोणाच्या धरायच्या हा वाद आहे. मग पाळकसाहेबांचा पगार उधारीवर आणि छताला पैसा नाही, पण तारखांना पैसा आहे. ज्या बायांनी दिवसभर कापूस वेचून शनिवारच्या मजुरीतून दशांश बाजूला काढला त्यांना हे विचारायचा अधिकार आहे. त्या विचारत नाहीत, कारण त्यांना वाटते हे मोठ्यांचे काम आहे. मी त्यांच्या वतीने विचारते आहे.

जागेचे कागद आजवर मंडळीसमोर आलेले नाहीत. आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. न्यासाची शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त किंवा इतर जागा-इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ती घेतली असेल तर कागद दाखवा. घेतली नसेल तर तसे सांगा. माझे स्वतःचे मत आहे की सगळ्या सभासदांची सभा घेतल्याशिवाय ती जागा कोणालाही देऊ नये. हे मत एका बाजूच्या जवळ जाते हे मला कळते. पण त्याच बाजूने दुसऱ्या कुलपाची किल्ली खिशात ठेवली, हे त्या मताने धुऊन निघत नाही.

पोरांविषयी थोडेच लिहिते, नाहीतर हात थांबणार नाही. मागच्या नाताळात दोन भोंगे दोन दिशांना तोंड करून लागले. एकाच शाळेत, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन पोरी दोन वेगवेगळ्या नाटकांत मरिया झाल्या आणि महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आणि कापणीचा सण. तुम्हाला आठवतो का? मला तर तुरीच्या शेंगा भरू लागल्या की त्याचा वास येतो. वेदीपुढे ज्वारीची कणसे, तुरीचे कट्टे, कोहळी, कापसाची गाठोडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. मग अंगणात लिलाव. एखाद्या म्हातारीने रुमालात बांधून आणलेले एक अंडे कोणी शंभराला घ्यायचे, पुन्हा देवळाला द्यायचे, दुसऱ्याने दीडशेला घ्यायचे. ते अंडे संध्याकाळपर्यंत विकले जायचे आणि म्हातारी पदराने तोंड झाकून हसायची. मागे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत, मोठ्या गंजात वांग्याची भाजी. आज ज्या दोघांच्या सह्या एकमेकांविरुद्धच्या अर्जांवर आहेत ते दोघे तोंडाला फडके बांधून त्या राखेतून रोडगे काढायचे आणि एकमेकांच्या हातावर फुंकर घालायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. देवाची समक्षता म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर मी त्या राखेपाशी नेऊन उभे करीन. तिथे देव होता. त्या दिवशी कोणाला वचन म्हणून दाखवावे लागले नाही.

हे आता होणे नाही, असे मला दोन्हीकडचे सांगतात. मग नागपूर आठवा. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथे सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती, म्हणजे ४१ वर्षे लागली. त्यांच्यातले भेद आपल्या दुकानगाळ्यांपेक्षा फार खोल होते. कोणी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानणारे, कोणी विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे. कोणाकडे बिशप, कोणाकडे नाहीत. त्यांनी दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे मान्य केले आणि एका मंडळीत बसले. आपली मंडळी त्या संघटनेत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते घडले ते आपल्याच विदर्भात, आणि आपल्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी तो दिवस तिथे जाऊन पाहिला होता. दोघेही आता त्याच कब्रस्तानात आहेत, मायच्या डावीकडे.

आपण ज्यांची भजने अजून म्हणतो त्या कवी नारायण वामन टिळकांनाही नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत, एका अनोळखी माणसाकडून. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा झाला. आणि आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. आपण बाप्तिस्मा झालेल्यांनाच बाहेर ठेवले आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दोन्ही कुलपे काढा. दाराला एकच कुलूप असावे आणि त्याची किल्ली चौकीदाराकडे, पूर्वी होती तशी. निकाल काय लागायचा तो लागो, तोवर देऊळ उपासनेसाठी, लग्नासाठी आणि मातीसाठी उघडे राहील, असे दोन्ही सेक्रेटरींनी एका कागदावर सह्या करून लिहून द्यावे. मरणाच्या घंटेचा दोर कोणत्याही कमिटीच्या ताब्यात नसावा.

वरिष्ठांनी स्वतः यावे. पत्र नको, फोन नको. दोन दिवस मुक्कामाला या, माझ्या घरी राहा, आणि दोन्हीकडच्या माणसांना आधी एकेकटे आणि मग समोरासमोर ऐका. जे तथ्य निघेल ते सगळ्या मंडळीसमोर उभे राहून सांगा.

हिशेब आणि जागेचे कागद तपासायला पाच जण नेमा, आणि ते कोण हे ठरवण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्यांना द्या, स्तेफनाच्या वेळी दिला होता तसा. त्यात निदान दोन बाया असाव्यात. यादीतून काढलेली नावे त्याआधी परत घाला.

समेट झाला तर दोन्ही बाजूंनी अर्ज मागे घेता येतील का, हे दोन्ही वकिलांना एकत्र बसवून विचारा. आणि वकिलांच्या फीसाठी यापुढे दानपेटीतला एक रुपयाही जाणार नाही, असे जाहीर करा.

आणि नाताळाच्या आत एक प्रभुभोजन. एका मेजावर, एका भाकरीचे. त्याआधी प्रत्येक कमिटीतल्या प्रत्येकाने पलीकडच्या निदान एका घरी जावे. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे येशूने डोंगरावर सांगितले, ते अर्पण आणणाऱ्याला सांगितले. रागावलेल्या भावाने आपल्याकडे यावे, अशी वाट पाहायला सांगितले नाही.

पाळकसाहेब, तुम्हाला वेगळे सांगते. तुमचा पगार अडला आहे, घरात पोरे आहेत, मला सगळे दिसते. त्या दिवशी कबरेपाशी तुम्ही चिखलात उभे राहून प्रार्थना केली ते मी विसरणार नाही. पण कुंपणाशी नाही, दारात उभे राहा. तुम्ही दारात उभे राहिलात तर तुमच्या मागे किमान वीस बाया उभ्या राहतील. मी मोजूनच सांगते आहे.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी, पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊला मी देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसणार आहे. मायचे जुने भजनांचे पुस्तक बरोबर असेल. भीमनगरातल्या आणि पाटीलपुऱ्यातल्या ज्या पोरांनी कबर खोदली त्यांनाही मी चहाला बोलावले आहे. दोन्ही किल्ल्या आल्या तर आपण आत बसू. नाही आल्या तर ओट्यावर. पाऊस तोवर गेलेला असेल.

प्रभूमध्ये तुमची,
नर्सबाई